जगाचा अंत, अक्काच्या तोंडून

अक्का, आधी भांडणाचं बोलून घेते. रडणं तीन आठवड्यांपासून चालूच आहे, ते कुठे पळून जात नाही. पण तू गेल्यापासून लोक ज्या सुरात तुझं नाव काढतात ना, त्याने माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. कुरुंद्याला पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या दारात पांढऱ्या साड्यांची रांग लागली होती, आणि त्यातली प्रत्येक बाई माझ्यापाशी थांबून एकच विचारत होती, "तुमी अक्काच्या धाकट्या बहीण व्हय?" पंचवीस वर्षं झाली मला हिंगोलीत इंग्रजी शिकवून. भाजी घ्यायला गेले तरी चार जण "नमस्कार मॅडम" म्हणतात. तिथे मात्र मी अक्काची बहीण. सातवी नापास अक्काची.

त्या रांगेत आपल्या जवळा बाजार गावची गयाबाई होती. चर्चमागच्या वस्तीत राहायची ती. आता पार वाकली आहे. तिने माझा हात धरला आणि सांत्वनाचं एक अक्षरही न बोलता म्हणाली, "शीला, त्या पिच्चरमदल्या सुमनचं दार उघडलं, तवा तिची बहीणच आली व्हती ना गं? मला आता तेवढंच याद हाय." मी मान हलवली.  तो पिच्चर तिने माझ्याही तोंडून ऐकलेला आहे, एका रविवारी. त्यातला एक शब्द तिला आठवत नाही.

तुला काय सांगायचं, पण मलाच एकदा सगळं नीट आठवून बघायचं आहे. आपलं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. बाबा तिथली झाडलोट करायचे, घंटा वाजवायचे, आणि आपण सगळे मागच्या दोन खोल्यांत. पाळकसाहेब एकदा नांदेडहून व्हीसीआर घेऊन आले आणि पाच-सहा कॅसेटी. सगळ्या जगाच्या अंताच्या. परदेशातल्या कुठल्याशा मंडळींनी पदरमोड करून काढलेले ते पिच्चर. गोष्ट सगळ्यांची एकच. एके दिवशी प्रभू येतो, विश्वास ठेवणाऱ्यांना क्षणात उचलून नेतो आणि बाकीचे मागे राहतात. मग एक दुष्ट राजा, कपाळावर शिक्के, शिपाई, पळापळ. रविवारची उपासना झाली की आपण खिडक्यांना बारदानं आणि गोधड्या लावायचो, आणि भर दुपारी अंधार करून अर्धं गाव घामाने निथळत जगाचा अंत बघायचं. ख्रिस्ती घरं आपली चार. बाकी वस्तीतली बौद्ध मंडळी, मळ्यांतल्या बाया, त्यांची लेकरं. टीव्ही बघायला मिळतोय म्हटल्यावर कोण कोणाचा धर्म विचारतो.

पिच्चर इंग्रजी, म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक करायचा आणि शेजारी उभं राहून कोणीतरी मराठीत सांगत जायचं, ही आपल्याकडची रीत. आधी पाळकसाहेबच सांगायचे. त्यात पिच्चर कमी आणि प्रवचन जास्त. एका रविवारी त्यांचा घसा बसला. "कोण सांगेल?" म्हणाले. अक्का, माझा हात वर होता. मी नववीत होते, इंग्रजीत वर्गात पहिली. पाळकसाहेब माझ्याकडे बघतही होते. तेवढ्यात तू बसल्या जागेवरूनच सुरू केलंस.

"ही बगा सुमन. गोरेगावची. अन् ही तिची बहीण. दोघी कपड्याच्या घड्या घालून राहिल्या."

ती सोनेरी केसांची बाई कुठली आपल्याकडच्या गोरेगावची आणि कुठली सुमन! पण मागून कोणीतरी "व्हय, व्हय" म्हणालं आणि ती जन्माची सुमन झाली. तू उठलीस, टीव्हीपाशी जाऊन उभी राहिलीस, पदर खोचलास. रस्त्यावर रिकाम्या मोटारी दिसल्या तर तू म्हणालीस, "सेनगावची जीप हुबी हाय, ड्रायव्हर न्हाई, सीटवर नुसता टावेल." बाया हसल्या आणि लगेच गप्प झाल्या, कारण सेनगावच्या जीपचा ड्रायव्हर सगळ्यांच्याच ओळखीचा होता. दुष्ट राजाची दाढी एका बाजूने सुटत होती. तू म्हणालीस, "राजा खोटा हाय, त्याची दाढी बी मागून आनलेली." हेलिकॉप्टर त्यांना परवडलं नसावं, नुसतेच सगळे वर बघत होते, तर त्याचा आवाज तू तोंडाने काढलास. त्या पिच्चरवाल्यांपाशी जे जे कमी होतं ते तू तुझ्या घरचं घातलंस.

आणि शेवट. सुमनची बहीण घड्या घालता घालता गायब झालेली असते, सुमन एकटी मागे राहिलेली असते, एका पडक्या घरात लपलेली. दारावर थाप पडते. सुमन दबकत दाराशी जाते. दार उघडतं. पडदा पांढराफेक. खर्रर्र करून कॅसेट मधेच तुटल्यासारखी संपते.

"कोण आलं व्हतं गं?" गयाबाईनेच विचारलं होतं.

 तू सांगितलंस की सुमनची बहीण वर पोचली, पंगत बसली, ताट वाढलं. तिने घास उचलला आणि खाली ठेवला. म्हणाली, माझी बहीण जेवली न्हाई अजून. देव म्हणाला, आता दार बंद झालं. ती म्हणाली, तुमीच लावलं, तुमीच उघडा. आणि भरल्या ताटावरून उठून सुमनला न्यायला आली.

बाया डोळे पुसत होत्या. पाळकसाहेबांनीसुद्धा घसा खाकरला. पण मी बघत होते मायकडे. माय तुझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, त्या डोळ्यांनी तिने माझं प्रगतिपुस्तक कधी बघितलं नाही. त्या दिवशी माझ्यात जे सुरू झालं ते पुढे थांबलंच नाही. लोकांनी त्याला काहीही नाव द्यावं, मी सरळ सांगते, मी तुझ्यावर जळायचे. तू नापास होऊन चुलीपाशी बसलेली, मी शिकलेली, आणि लोक तुझ्याच मागे.

घरी भांडी घासताना मी तुला धरलं होतं, आठवतं? "अक्का, देवाच्या घरात खोटं सांगून राहिलीस तू. पिच्चरमधी तसं काहीच न्हाई."

"काहून खोटं? दार उघडलं ना?"

"उघडलं, पण कोण आलं ते इंग्रजीत सांगतात. तुला येतं का इंग्रजी?"

"न्हाई बा. मला नुसतं दिसतं." तू राखेने पातेलं घासत होतीस, मान वर केली नाहीस.

"आन् देवाच्या पंगतीतून कोणी उठतं व्हय?"

"तू जेवली असतीस? मी खाली राहिले असते तर?"

मी म्हणाले, "व्हय, जेवले असते. पोटभर." आणि तू इतकी हसलीस की हातातलं पातेलं घरंगळत अंगणात गेलं. ते भांडण आपण पुरं केलं नाही. पुढे कितीदा तरी तू मला जेवायला वाढताना म्हणायचीस, "जेव बाई, पोटभर," आणि मला ते कळायचं, आणि राग यायचा.

आता जे सांगते ते तुला मी कधी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात मी पाळकसाहेबांकडे गेले आणि तुझी चुगली केली. म्हणाले, अक्का मनाचं सांगते, इंग्रजीत शेवट वेगळा आहे, दारात शिपाई येतात आणि सुमनला मारून टाकतात, मी कान देऊन ऐकलंय. पाळकसाहेबांचं इंग्रजी माझ्याहून फार पुढे नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी. शिवाय शिपाई त्यांच्या प्रवचनात बसत होते. रविवारी त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, आजपासून शीला सांगेल.  तू मागे जाऊन गयाबाईशेजारी बसलीस.

मी बराबर सांगितलं. शिपाई आणले, सुमनला मारलं, मागे राहणाऱ्यांची काय गत होते ते बजावलं. पहिल्या रविवारी लेकरं रडली. दुसऱ्या रविवारी वस्तीतल्या बाया आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी कुरुंद्याहून व्हीसीआर दुरुस्त करायला जो पोरगा यायचा, त्याने दारातूनच विचारलं, "त्या बाई न्हाईत का आज सांगायला?" चौथ्या रविवारी पाळकसाहेब, बाबा, पेंगणारी माय आणि तू, इतकीच माणसं उरली. तू मात्र शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून ऐकलंस, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. मग व्हीसीआर बिघडला. कुरुंद्याच्या पोरग्याने तो दुरुस्तीला नेला, महिन्याने परत आणून दिला, आणि वर्षाने तुला घेऊन गेला.

दाजी बौद्ध. आपल्या घरी तेव्हा काय झालं ते उगाळत नाही. तू चर्चला यायची थांबलीस, नाताळला मात्र न चुकता यायचीस, पिशवीत घरच्या हळदीची पूड घेऊन. सासरी महिन्याभरात सगळ्यांची अक्का झालीस. माझ्या बी.एड.च्या परीक्षेत माय आजारी पडली तर रोज कुरुंद्याहून जीपने यायचीस, भाकऱ्या करून, मायला न्हाऊ घालून संध्याकाळच्या आत परत. तू नसतीस तर मी मॅडम झालेच नसते. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण माय तेच दिवसातून तीनदा म्हणायची.

आणि आता माय माझ्याकडे आहे आणि तू नाहीस. बाबा मातीत आहेत, त्यांच्यावर दगडी क्रूस आहे. तुला कुरुंद्याला अग्नी दिला, तुझ्या माणसांनी वंदना म्हटली, माय मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसली. हिंगोलीला आल्यापासून तिचं जेवण तुटलं. अर्धी भाकरी कुस्करते आणि ताट सरकवते. मागच्या शनिवारी मी चिडून विचारलं, दुखतंय काय, तर म्हणाली, "आपली अक्का मागं राहिली का गं?"

 शास्त्र मला तोंडपाठ, रविवारच्या शाळेत मीच शिकवते. सगळी वचनं डोळ्यापुढून गेली आणि त्यातलं एकही मायपुढे ठेवायची माझी छाती झाली नाही.

गयाबाईचं बोलणं डोक्यात होतंच. दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर मी मोबाइलवर ते पिच्चर शोधत बसले. सापडले, अक्का. कोणीतरी हौसेने सगळेच्या सगळे चढवून ठेवलेत. सुमन तशीच आहे, तिच्या हातातला सदरा तसाच. आता दिसतं की तीन पिच्चरमध्ये घर एकच आहे, नुसते पडदे बदललेत. दुष्ट राजाच पहिल्या पिच्चरमध्ये दूधवाला आहे. भूकंप म्हणजे कॅमेरा हलवलाय, मागचं झाड शांत उभं आहे. मी एकटी हसत होते. आणि आता मला त्यातलं इंग्रजी शब्दन् शब्द कळतं. सुमन सगळा वेळ नुसती हवापाण्याचं आणि शेजाऱ्यांचं बोलते. तू तिच्या तोंडी घातलेलं एकही वाक्य तिच्याजवळ नाही. तुझी सुमन बरी होती.

मग शेवट आला. थाप पडली. दार उघडलं. सुमन म्हणाली, "कोण आहे?" पडदा पांढरा, नावं सुरू.

मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पाच वेळा पाहिलं. शिपाई नाहीत. कोणीच येत नाही. आपल्या कॅसेटीतली नुसती शेवटची नावं गेली होती, पिच्चरच तिथे संपतो.

म्हणजे नववीतल्या मला त्या बारीक आवाजातला दर चौथा शब्द कळत होता, आणि मधले तीन मी माझ्या मनचे भरत होते. माझ्या मनात शिपाई होते. तुझ्या मनात बहीण होती. आयुष्यभर मी स्वतःला सांगत आले की चुगली केली खरी, पण खऱ्यासाठी केली. चोराच्या उलट्या बोंबा त्या. खोटं तर मीही सांगितलं, आणि तुझ्याहून वाईट सांगितलं. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस. त्याला बहीण नाही.

परवा दुपारी मी मायच्या खाटेवर बसले आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. मोतीबिंदू काढूनही तिला धूसरच दिसतं. इंग्रजी ऐकून वैतागली. "आवाज बंद कर तेचा. तिच्यावानी सांग."

मी सुरू केलं. "ही बघ माय, सुमन. गोरेगावची." जीप सांगितली, टॉवेल सांगितला. दाढीवर माय किंचित हसली. हेलिकॉप्टरचा आवाज मला काढता आला नाही, मी नुसतं "आता वरून गेलं" म्हणाले. सुमन पडक्या घरात शिरली तेव्हा मी मोबाइल थांबवला. "माय, तेव्हा पाळकसाहेबांना अक्काचं मीच जाऊन सांगितलं होतं."

"म्हाईत हाय."

"कोणी सांगितलं?"

"अक्कानंच. पाळकसाहेब तिला बोलले, त्याच दिवशी. मी म्हनलं, येऊ दे त्या शिलीला, दोन ठेवूनच देते. तर मला धरून बसली. म्हनली, राहू दे माय, सांगू दे तिला. तिनं त्या दिवशी हात वर केला व्हता, ते मागून माझ्या ध्यानात आलं."

अक्का, मला वाटलं होतं हे ऐकून मी मोकळी होईन. झाले नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चोरून घेतलं म्हणून जन्मभर झुरले, आणि तू म्हणे ते मला दिलं होतंस. चुगलीसुद्धा तू माझी राहू दिली नाहीस. तीस-पस्तीस वर्षं मला वाढत राहिलीस, "जेव बाई, पोटभर," आणि एकदाही बोलली नाहीस की मला ठाऊक आहे.

"थांबलीस काहून? फुडं सांग," माय म्हणाली.

मी पुढे सांगितलं. थाप, दबकी पावलं, दार. पडदा पांढरा झाला. पंगत सांगितली, ताट सांगितलं, बहीण भरल्या ताटावरून कशी उठली ते सांगितलं. तुमीच लावलं, तुमीच उघडा, हेही म्हणाले. मायने त्या पांढऱ्या उजेडावर बोट टेकवलं. मग तिने विचारलं, "यातली आपली अक्का कोनती? गेलेली का राहिलेली?"

रविवारच्या शाळेतली शीला मॅडम माझ्या तोंडात उत्तर घेऊन तयार होती. मी तिला गिळलं.

"गेलेली, माय," मी म्हणाले. "राहिलेली मी हाय."

मायने मान हलवली. सावकाश उठून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "भाकर आन." मी आणली, वरण आणलं. तिने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग चावता चावता माझ्याकडे बघून म्हणाली, "बराबर सांगितलंस. अक्कावानी न्हाई जमलं तुला, पन बराबर सांगितलंस."

आता तूच सांग, अक्का, मी काय करावं! इतकं सगळं करून, जेवायला बसवून, वर हे ऐकायचं. मी ताडकन उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. पूर्वी असं काही झालं की मी तुला फोन करून तुझ्यावरच ओरडायचे, तू हसायचीस, आणि संध्याकाळपर्यंत माझा राग उतरलेला असायचा. परवा तो उतरला नाही. आजही उतरलेला नाही. तुझ्यावर जळत मी ओट्यापाशी उभी आहे, आणि हसायला तू नाहीस.